बालकाची ओळखखूण

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’त ओळखीची खूण म्हटली की आपल्याला दुष्यंताची अंगठी आठवते. नाटकाचे नावच त्या खुणेवरून पडले आहे. परंतु त्याच नाटकाच्या सातव्या अंकात आणखी एक ओळख पटावयाची असते आणि तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. मारीच ऋषींच्या आश्रमात एक लहान मुलगा सिंहाच्या छाव्याशी दांडगाई करीत आहे. खेळणे मागण्यासाठी तो हात पुढे करतो आणि दुष्यंताला त्या कोवळ्या तळहातावर चक्रवर्तीची लक्षणे दिसतात. पण तेवढ्याने खात्री पटत नाही. झोंबाझोंबीत मुलाच्या मनगटावरील ताईत गळून पडलेला असतो. जातकर्माच्या वेळी मारीचांनी बांधलेली ती अपराजिता नावाची वनौषधी होय. ती जमिनीवर पडली तर त्या मुलाने स्वतः किंवा त्याच्या आईबापांनीच उचलावी. दुसऱ्या कोणी हात लावला तर तिचा साप होऊन ती त्याला डसते. राजा वाकून ताईत उचलतो आणि काहीच घडत नाही. तापसींना जे समजावयाचे ते समजते.

या प्रसंगात परीक्षा होते ती राजाची, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपण कोण, हे त्या मुलाला सिद्ध करावे लागत नाही. सिद्ध करावे लागते ते त्याच्यावर हक्क सांगू पाहणाऱ्या मोठ्या माणसाला. मुलाच्या अंगावरची खूण मुलाच्या रक्षणासाठी बांधलेली असते.

आज मुलांची ओळख पटविण्याची साधने निराळी आहेत. बोटांच्या टोकांवरील रेषा, बुबुळातील नक्षी, चेहऱ्याची ठेवण, अशा शरीराच्याच खुणा यंत्राने टिपावयाच्या, अंकांच्या रूपाने साठवावयाच्या आणि पुढे गरज पडेल तेव्हा पुन्हा ताडून पाहावयाच्या, या शास्त्राला जैवमापन, किंवा व्यवहारातील शब्दाने बायोमेट्रिक, असे म्हणतात. त्याचा इतिहास बहुधा पोलिसांचा आणि गुन्हेगारांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्यातून लहान मुलाचा एक बारीकसा धागा अगदी आरंभापासून गेलेला आहे. तोच आज उलगडून पाहावयाचा आहे.

या शास्त्राचा व्यवहारातील पहिला मोठा प्रयोग आपल्याच देशात झाला. १८५८ च्या जुलै महिन्यात बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचा तरुण मुलकी अधिकारी रस्त्यासाठी खडी पुरविण्याचा करार करीत होता. कंत्राटदाराचे नाव राज्यधर कोनाई. सत्तावन्नच्या उठावाला जेमतेम वर्ष झाले होते आणि राज्यकर्त्यांचा प्रजेच्या शब्दावर विश्वास उरला नव्हता. कोनाईने पुढे आपली सही नाकारू नये, त्याच्या मनाला वचक बसावा, म्हणून हर्शेलने कचेरीच्या शिक्क्याची शाई त्याच्या तळहाताला लावली आणि कराराच्या पाठीवर पंजा उमटवून घेतला. पुढे छंद म्हणून तो स्नेह्यासोबत्यांचे ठसे जमवू लागला. १८७७ मध्ये हुगळीचा मॅजिस्ट्रेट असताना त्याने निवृत्तिवेतन घेणारे, दस्त नोंदविणारे आणि तुरुंगात जाणारे, अशा तिघांनाही बोटांचे ठसे देण्यास लावले. मेलेल्या माणसाच्या नावाने दुसऱ्याने वेतन उचलू नये, शिक्षा झालेल्याने आपल्या जागी भाडोत्री माणूस तुरुंगात धाडू नये, हे त्यामागचे हेतू. या विद्येचा जन्म अविश्वासाच्या पोटी झाला, असे म्हणावयास हरकत नाही. आणि तो अविश्वास मोठ्या माणसांविषयीचा होता.

त्याच १८७७ साली हर्शेलच्या संग्रहात अडीच वर्षांच्या एका मुलाच्या बोटांचे ठसे आले. त्या मुलावर कोणाचा संशय नव्हता आणि त्याला कसले वेतनही घ्यावयाचे नव्हते. १८९० मध्ये, तो पंधरा वर्षांचा झाल्यावर, त्याचे ठसे पुन्हा घेण्यात आले. हे दोन्ही ठसे फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञाच्या हाती पडले. मनुष्याच्या बोटावरील रेषा जन्मभर बदलत नाहीत, हे त्याला सिद्ध करावयाचे होते. मोठ्या माणसांचे दहा-वीस वर्षांच्या अंतराने घेतलेले ठसे जुळले, यात त्याला फारसे नवल वाटले नसावे. पण अडीच वर्षांचे बाळ आणि पंधरा वर्षांचा मुलगा यांच्यामध्ये सारे शरीर पालटून जाते. रेषांची खरी कसोटी तेथे होती. १८९२ च्या आपल्या ग्रंथात गॉल्टनने निष्कर्ष मांडला की, तपासलेल्या शेकडो बिंदूंपैकी केवळ एका ठिकाणी फरक आढळला. तो फरक याच मुलाच्या बोटावर होता. बाळपणी जी रेषा एका जागी दुभंगलेली दिसत होती, ती पंधराव्या वर्षी सांधली गेली होती. ठशांचा नियम बालकाच्या बोटावर सिद्ध झाला आणि त्या नियमाला पडलेली एकुलती एक चीरही बालकाच्याच बोटावर सापडली. पुढील सव्वाशे वर्षांची कथा या एका निरीक्षणात बीजरूपाने आहे.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये आल्फोन्स बर्तियाँ याची निराळी पद्धत गाजत होती. डोक्याची लांबीरुंदी, मधले बोट, पाऊल, कोपरापासूनचा हात, अशी हाडांची अकरा मापे घेऊन माणूस ओळखावयाचा. पद्धत शास्त्रशुद्ध होती, पण हाडांची वाढ थांबल्याखेरीज, म्हणजे विशीच्या आत, तिचा उपयोग नव्हता. वाढणारे मूल तिच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. १८९७ मध्ये हिंदुस्थान सरकारने मापांची पद्धत बाजूला ठेवून ठशांचा स्वीकार केला आणि कलकत्त्यास ठशांचे कार्यालय उभे राहिले. ठशांच्या वर्गीकरणाला पुढे एडवर्ड हेन्री या अधिकाऱ्याचे नाव मिळाले, पण त्याचे गणित बसविण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या दोन माणसांचा मोठा वाटा होता. वय वाढले तरी ठसा टिकतो, हे त्याच्या विजयाचे एक प्रमुख कारण होते.

मग मुलांच्या बाबतीत अडचण कोठे आली? निसर्गाने आपले काम केव्हाच पुरे केलेले असते. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात या रेषा उमटू लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत त्यांची घडण पक्की होते. मूल जगात येते ते आपली खूण घेऊनच. कोवळ्या झाडाच्या सालीवर कोरलेले अक्षर खोडाबरोबर रुंदावत जाते, पण ‘क’चा ‘ख’ होत नाही, तसेच या रेषांचे आहे. उणेपणा आहे तो आपल्या साधनांत. प्रौढ माणसाच्या बोटावर दोन रेषांमधील अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर असते; नवजात बालकाच्या बोटावर ते त्याच्या निम्म्याने भरते. त्यातून बाळाची त्वचा ओलसर आणि सुटणारी, मूठ घट्ट आवळलेली. शाई लावावी तर रेषा बुजून नुसता डाग उमटतो. १८९९ मध्ये गॉल्टनने एकाच बालकाचे, जन्मानंतरच्या नवव्या दिवसापासून साडेचार वर्षांपर्यंत घेतलेले ठसे तपासले, तेव्हा अगदी आरंभीचे ठसे त्याच्याही फारसे उपयोगी पडले नाहीत.

तरीही मनुष्याचा मोह सुटत नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत नवजात बालकाच्या पावलाचा ठसा जन्मपत्रावर घेण्याची चाल पडली. मुलांची अदलाबदल होऊ नये, हा हेतू. पुढे अशा ठशांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतील बहुसंख्य ठशांत रेषाच दिसत नाहीत, असे आढळून आले. आईबापांना ते पाऊल आठवण म्हणून प्रिय झाले. पुरावा म्हणून त्याला किंमत उरली नाही. अदलाबदल टाळण्याचे काम शेवटी कोणी केले? तर आई आणि बाळ यांच्या मनगटांवर जन्मताच बांधलेल्या एकाच क्रमांकाच्या पट्ट्यांनी. मारीचांच्या ताइताची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

साधने सुधारली ती अलीकडे. आग्र्याजवळील दयालबाग येथील शरण आश्रम रुग्णालयात २०१५ आणि २०१६ या वर्षांत मिशिगन स्टेट विद्यापीठातील अनिल जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच वर्षांखालील ३०९ मुलांचे ठसे वर्षभराच्या अवधीत पुनःपुन्हा घेतले. नेहमीची यंत्रे एका इंचात ५०० बिंदू टिपतात. त्यांनी १,२७० बिंदू टिपणारे यंत्र मुद्दाम तयार करविले. सहा महिन्यांच्या पुढील बालकांची ओळख अशा यंत्राने वर्षानंतरही पटू शकते, नेहमीच्या यंत्राला मात्र मूल निदान वर्षाचे असावे लागते, असे त्यांना आढळले. कोणत्या बाळाला कोणती लस टोचली, याची नोंद बिनचूक राहावी, हा या खटाटोपामागील एक हेतू होता. तो चांगलाच म्हणावा लागेल. परंतु आयुष्याचे पहिले सहा महिने, जेव्हा लशी सर्वांत अधिक टोचावयाच्या असतात, तेव्हा बाळाची मूठ अजूनही बव्हंशी मिटलेलीच राहते.

आता आपल्याला अर्जेंटिनाकडे वळावे लागेल, कारण मूल आणि शरीराचा पुरावा यांचे नाते त्या देशात दोनदा, आणि दोन्ही वेळा दारुण रीतीने, प्रकट झाले. १८९२ मध्ये ब्यूनॉस आयर्स प्रांतातील नेकोचेआ गावी सहा आणि चार वर्षांची दोन भावंडे घरात मारलेली आढळली. आईने शेजाऱ्यावर आरोप केला. पोलिसांना दारावर रक्ताने माखलेल्या अंगठ्याचा ठसा मिळाला. हुआन वुसेटिच याने त्या प्रांतात ठशांची पद्धत नुकतीच सुरू केली होती. ठसा आईचाच निघाला आणि तिने गुन्हा कबूल केला. ठशाच्या आधारे खुनाचा गुन्हा शाबीत झाल्याचे जगातील हे पहिले उदाहरण मानतात. मुलांना बोलता येत नव्हते. त्यांच्या वतीने दार बोलले.

दुसरी घटना यानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी घडली. १९७६ ते १९८३ या काळात अर्जेंटिनात लष्करी राजवट होती. हजारो तरुण-तरुणी नाहीसे केले गेले. त्यांतील गर्भवती स्त्रिया कोठडीत बाळंत झाल्या आणि त्यांची मुले खोट्या जन्मनोंदी करून परक्या घरांत, कित्येकदा लष्करी अधिकाऱ्यांच्याच घरांत, वाढविली गेली. अशी मुले सुमारे पाचशे असावीत, असा अंदाज आहे. १९७७ मध्ये त्यांच्या आज्या एकत्र आल्या. राजधानीतील प्लाझा दे मायो या चौकात त्या उभ्या राहत, म्हणून ‘प्लाझा दे मायोच्या आज्या’ हेच त्यांचे नाव पडले. त्यांच्यापुढील प्रश्न असा की, आईबाप जिवंत नसताना नातवाची ओळख पटावी कशी? त्या शास्त्रज्ञांचे उंबरे झिजवू लागल्या. १९८४ मध्ये मेरी-क्लेअर किंग ही आनुवंशशास्त्रज्ञ अमेरिकेतून त्यांच्या मदतीस गेली. आजी-आजोबांच्या रक्तावरून नातवंड ओळखण्याचे गणित बसविण्यात आले आणि आईकडूनच मुलाकडे येणाऱ्या जनुकद्रव्याचा पुरावाही पुढे वापरात आला. १९८७ मध्ये त्या देशाने कायद्याने राष्ट्रीय जनुकीय पेढी स्थापन केली. आज्यांनी आपले रक्त तेथे ठेवीसारखे ठेवले; नातवंडे केव्हा तरी शोधत येतील तेव्हा आपण नसू, हे त्या जाणून होत्या. २०२५ पर्यंत १४० जणांची खरी ओळख लागली.

हा सारा प्रवास सुखाचा झाला, असे नाही. ज्यांना आईबाप मानले त्यांचेच पाप आपल्या रक्तातून उघडे पडणार, हे कळल्यावर काही तरुणांनी रक्त देण्यास नकार दिला. सत्य जाणण्याचा हक्क आहे, तसा न जाणण्याचाही आहे काय, हा प्रश्न न्यायालयांपुढे आला. तरीही या लढ्याने जगाला एक गोष्ट दिली. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये बालहक्कांचा करार संमत केला, त्याचे आठवे कलम अर्जेंटिनाच्या आग्रहाने आले. मुलाला स्वतःची ओळख जपण्याचा हक्क आहे आणि ती हिरावली गेली असेल तर परत मिळवून देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. ओळख ही मुलाची मालमत्ता आहे, हे तत्त्व येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे शब्दबद्ध झाले. भारताने हा करार १९९२ मध्ये मान्य केला.

या तत्त्वाच्या कसोटीवर आता आपल्या घरची गोष्ट पाहू. महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिले आधार क्रमांक देण्यात आले. दहा बोटे, दोन डोळे आणि चेहरा, या खुणांवर उभारलेली इतकी प्रचंड नोंदवही जगात दुसरी नाही. परंतु या नोंदवहीनेही बालकापुढे हात टेकले आहेत. पाच वर्षांखालील मुलाचे ठसे वा बुबुळे ती घेत नाही; त्याचे छायाचित्र घेते आणि त्याचा क्रमांक आईच्या किंवा बापाच्या क्रमांकाशी जोडते. पाचव्या वर्षी प्रथम ठसे घ्यावयाचे आणि पंधराव्या वर्षी पुन्हा. गॉल्टनने तपासलेल्या मुलाचे दुसरे ठसे पंधराव्या वर्षीच घेतले होते, हा योगायोग मनोरंजक आहे.

अशा नोंदीचा लाभ काय होऊ शकतो, याचे एक उदाहरण २०२१ मध्ये नागपुरात घडले. घरापासून दुरावलेला एक मुलगा तेथील एका कुटुंबात पोटच्या मुलासारखा वाढत होता. त्याची आधार नोंदणी करावयास गेले असता यंत्र पुनःपुन्हा नकार देऊ लागले. शोध घेता कळले की, हरवण्यापूर्वी, लहानपणीच, त्याची नोंद जबलपुरास झालेली होती. दहा वर्षांच्या ताटातुटीनंतर मायलेकरांची भेट झाली. मेळ्यात मूल हरवू नये म्हणून त्याच्या हातावर नाव गोंदविणाऱ्या आपल्या आजी-पणजीला ही कथा ऐकून मुळीच आश्चर्य वाटले नसते.

पण दुसरीही बाजू आहे. आपल्या राज्यात ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत सर्व शाळांची पटपडताळणी झाली. अनुदान आणि शिक्षकांची पदे यांसाठी कित्येक संस्थांनी पटावर खोटी नावे भरली होती. तपासणीच्या दिवशी एका शाळेतील मुले दुसऱ्या शाळेत नेऊन बसविली जातील, अशी भीती होती. म्हणून मोजलेल्या मुलांच्या बोटांना मतदानाच्या वेळी लावतात तसली न पुसणारी शाई लावण्यात आली. लाखो खोटी नावे त्यातून उघडकीस आली, हे खरे. लबाडी मोठ्यांनी केली, हेही तितकेच खरे. आणि शाई लागली ती मुलांच्या बोटांना. मूल तेथे पुराव्याची वस्तू झाले. हर्शेलने कोनाईच्या पंजाला लावलेली संशयाची शाई फिरतफिरत पहिलीतल्या पोराच्या बोटापर्यंत आली होती.

हा संशय मुलाच्या ताटापर्यंत वा वर्गापर्यंत पोचू नये, म्हणून न्यायालयाला बोलावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितले की, शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, मुलाच्या नोंदणीला पालकांची संमती हवी आणि सज्ञान झाल्यावर त्याला या नोंदवहीतून बाहेर पडण्याची मुभा हवी. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातही तसे आले: अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत आपला क्रमांक रद्द करण्याचा अर्ज करता येतो, आणि ओळख पटली नाही एवढ्या कारणाने कोणत्याही बालकाला लाभ नाकारता येत नाही. कायद्यातील हे वाक्य प्रत्येक शाळेच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर लिहून ठेवण्याच्या योग्यतेचे आहे. यंत्र बिघडते, वीज जाते, मूल वाढते. त्याची भूक मात्र यासाठी थांबत नाही.

इतर देशही याच प्रश्नाशी झगडत आहेत. इंग्लंडमधील शाळांत ग्रंथालयाची पुस्तके आणि दुपारचे जेवण यांसाठी मुलांचे ठसे घेण्याची प्रथा पडली होती. तेथील २०१२ च्या कायद्याने पालकांची लेखी संमती आवश्यक ठरविली आणि पालकांनी होकार दिला तरी मुलाने ‘नाही’ म्हटल्यास मुलाचाच शब्द अखेरचा मानला. स्वीडनमधील शेलेफ्टेओ येथे एका शाळेने बावीस विद्यार्थ्यांची हजेरी चेहऱ्यावरून यंत्राकडून घेतली. पालकांची संमती होती. तरी २०१९ मध्ये तेथील नियामक संस्थेने दंड ठोठावला. कारण असे दिले की, विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतो. जेथे नकार देणे अवघड, तेथील होकाराला अर्थ नाही. दुसरीकडे युरोपात आश्रयार्थी मुलांचे ठसे घेण्याचे वय २०२४ च्या नियमाने चौदावरून सहावर आणले. घरच्या मुलाला जपणारा समाज दारी आलेल्या मुलाकडे कसा पाहतो, याची ही दोन टोके आहेत. हरवलेली मुले सापडावीत, असे कारण त्यासाठी दिले जाते आणि त्यात तथ्यही आहे. पण तेच ठसे उद्या त्याला परत धाडण्यासाठी वापरले जाणार नाहीत, याची हमी त्या सहा वर्षांच्या मुलाला कोण देणार?

इतिहासातून एवढे निश्चित दिसते की, शरीराची खूण स्वतः निरपराध असते. तीच खूण अर्जेंटिनात आजीला नातू मिळवून देते, नागपुरात लेकराला आई मिळवून देते. आणि तीच, हेतू बदलला की, मुलाला संशयिताच्या रांगेत उभे करते. म्हणून यंत्र किती सूक्ष्म आहे, हे विचारण्याआधी, ताडणी जुळली नाही तर नुकसान कोणाचे होणार, हे विचारले पाहिजे. नुकसान मुलाचे होणार असेल, तर ती व्यवस्था कितीही हुशारीने रचलेली असली तरी उफराटी आहे.

कालिदासाने हा प्रश्न आपल्यापुरता सोडविला होता. सर्वदमनाच्या मनगटावरचा ताईत परक्याला डसत होता. मुलाला तो कधीही डसला नसता. आपल्या नव्या ताइतांकडून तेवढीच अपेक्षा आहे.